गट्टी

उपकेंद्राच्या पडवीत आम्ही अकराजणी,
मध्ये स्टोव्ह, जर्मनचं पातेलं,
आणि घरात जे आहे तेच आणा म्हणाल्या, म्हणून
सुपांमधून नाचणी, मूग, शेंगदाणे, मातीसकट रताळी,
शेवग्याची एक डहाळी.
जैतुनबीनं पदरात अंडं आणलेलं,
नंदगडपासून चालत आली म्हणे
नव्या नवरीसारखी, जपून जपून.

शिकवायला अंगडी सिस्टर, बैलहोंगलच्या.
त्यांची मराठी आमच्या कन्नडएवढीच,
बाजारापुरती.
तक्ता कन्नडात. मी चित्रं वाचली.

नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड काढायचे,
सावलीत वाळवून, भाजून दळायची.
यात नवं काय, गंगू घाडी म्हणाली,
आमची आज्जी हेच करायची.
मग तू का नाही केलंस, हे तिला
कुणीच विचारलं नाही.
मीही नाही.
मी माझ्या थोरल्याला चहात बिस्कीट बुडवून वाढवला,
पुड्यावरच्या गुबगुबीत बाळाच्या भरवशावर.

सिस्टरनी चमचा भरून उलटा केला.
पेज घळकन खाली.
"तेळ्ळगे," त्यांनी मान हलवली.
अजून पीठ, शेंगदाण्याचं बारीक कूट, तुपाचा थेंब,
हात भरून येईतो ढवळणं.
पुन्हा चमचा उलटा.
पडेना. चमच्याला धरून राहिलं.
"ईग गट्टी!"

आणि आम्ही सगळ्या फिस्सकन हसलो.
आमच्यात गट्टी पोरं करतात,
मग गट्टी फू, मग परत गट्टी.
सिस्टरना कळेना, आपण काय चुकीचं बोललो.
जैतुनबीनं शेजारणीच्या गळ्यात हात टाकून दाखवलं.
तेव्हा त्याही हसल्या, चमचा तसाच उलटा धरून.

सोमवारी तानुबाई बिर्जेच्या दारात.
नातू नऊ महिन्यांचा, दंडावर पट्टी लावली,
पिवळ्यात.
"वरणाचं पाणी देतोय की," तानुबाई म्हणाली,
"कोवळं पोट ते, जड कसं सोसंल?"
सून चौकटीला टेकून. शिवक्का, कित्तूरकडची,
दोन वर्षं झाली येऊन, अजून
हो आणि नाहीवर दिवस काढते.

मी तिचीच वाटी घेतली, तिच्याच चुलीवर शिजवलं,
चमचा उलटा केला आणि म्हटलं, बघ, गट्टी.
शिवक्कानं मान वर केली.
"नम्मव्व हिंग माडतिद्दळु," म्हणाली,
आणि पुढं बोलतच राहिली,
धबाधबा, अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही.
आई, उखळ, चुलीवरचा तवा, कुणी धाकटा भाऊ.
तानुबाई माझ्याकडे बघायला लागली,
"काय म्हणूलालीय गं ही?"
मी म्हटलं, तिलाच विचारा की.

बाळानं पहिला घास जिभेनं बाहेर ढकलला.
दुसराही.
तिसरा हनुवटीवर, चौथा माझ्या बांगड्यांत.
पाचव्याचं काय झालं ते बघितलं नाही,
त्या दोघी त्याच्यावर वाकल्या होत्या.

पंधरा दिवसांनी पट्टी
दोन बारीक रेघा पुढं. पिवळ्यातच अजून.
वहीत तेवढंच लिहिलं.

रात्री पातेलं खरवडून उरलेलं घरी आणलं.
थोरला उद्यमबागेतून आला, वीस वर्षांचा,
मनगटं अजून माझ्या चिमटीत मावतात.
उभ्यानंच बोट घातलं पातेल्यात.
"काय हे?"
तुझं राहिलेलं, म्हणणार होते.
तोंडात घोळवून तो म्हणाला, "गूळ नाही घातलास?"
"वर्षाच्या आत घालायचा नसतो," मी म्हटलं.